कुकरची शिट्टी वेगळी, कुकरचा दाब वेगळा

‘तुरीला चार शिट्ट्या, छोल्यांना सहा’ हा हिशेब घरोघरी चालतो. पण डाळ शिजते ती वाफेच्या दाबाने चढलेल्या तापमानात, आणि त्या तापमानात ती किती मिनिटं राहिली यावर. शिट्टी होते तेव्हा एवढंच कळतं की दाब पुरेपूर झाला आणि जास्तीची वाफ बाहेर पडली.

उघड्या पातेल्यातलं पाणी कितीही खदखदलं तरी 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. कुकरचं वेट, म्हणजे झाकणावरच्या नळीवर बसणारं वजन, आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी 120 अंशांच्या जवळ जातं. एकदा तिथे पोचलं की गॅस मोठा ठेवून तापमान आणखी चढत नाही, नुसत्या शिट्ट्या वाढतात. आणि ही वाफ बिनखर्चाची नसते: 100 मिली पाणी वाफ होऊन बाहेर गेलं, तर जवळजवळ पाऊण लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता स्वयंपाकघरात उडाली.

शिट्ट्यांवर भरवसा ठेवता येत नाही तो आणखी एका कारणाने. मोठ्या बर्नरवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, मध्यम आचेवर त्यांनाच बारा मिनिटं लागू शकतात. इंडक्शनवर तिसराच हिशेब. म्हणून एकीची डाळ मेण होते, दुसरीची कचवट राहते, आणि दोष डाळीला दिला जातो.

कुकर मोठ्या आचेवर लावा, पण ज्वाळा बुडाबाहेर जाऊ देऊ नका. वेट वेगळं बसवायचं असेल तर नळीतून वाफेची सलग धार आल्यावरच बसवा; आधी बसवलं तर आतली हवा अडकते आणि त्याच दाबाला तापमान कमी मिळतं. पहिली शिट्टी झाली की गॅस इतका बारीक करा की वेट उचलणार नाही, पण त्याच्याभोवती बारीक सूं आवाज येत राहील. घड्याळ लावायचं ते इथून. डब्यांतल्या वरण-भाताला 7-8 मिनिटं, अर्धा तास भिजवून थेट कुकरमध्ये घातलेल्या तूरडाळीला 5-6, रात्रभर भिजलेल्या छोल्यांना 15-20. जुन्या कडधान्याला जास्त लागतात. डब्यातली डाळ उशिरा तापते, हे विसरू नका.

मग गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. या दहा-एक मिनिटांतही शिजणं चालूच असतं, तेही बिनखर्चाचं. वेट उचलून वाफ सोडली तर ती उष्णता जाते, शिवाय डाळीचा फेस नळीत चढतो.

गॅस बारीक केल्यावर आवाज पूर्ण थांबला तर आच फारच मंद झाली, थोडी वाढवा. मोठ्या आचेवरही शिट्टी होत नसेल आणि झाकणाच्या कडेने वाफ येत असेल, तर रिंग कडक झाली आहे किंवा तिला डाळ चिकटली आहे. दाब धरला जात नाही आणि पाणी मात्र आटतं. कडेला वाफ नाही, शिट्टीही नाही, तर आधी गॅस बंद करा. कुकर पूर्ण थंड झाल्यावर वेटची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. डाळ-कडधान्यासाठी कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये तो याचसाठी, की फेस चढून नळी तुंबू नये.