जर्मनीची फाळणी याल्टात झाली नव्हती

फेब्रुवारी 1945मध्ये क्रिमियातल्या याल्टाच्या परिषदेत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी नकाशावर रेघ ओढली आणि जर्मनीचे दोन तुकडे झाले, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. कोणाच्या फौजा कुठे बसणार, हे लंडनच्या युरोपीय सल्लागार आयोगात, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि रशियाच्या संयुक्त समितीत ठरलं. करारावर सह्या 12 सप्टेंबर 1944च्या. आराखडा मूळचा ब्रिटिशांचा, आणि रशियाने तो फारशी घासाघीस न करता मान्य केला. अडून बसले ते रूझवेल्ट! त्यांना दक्षिण नको, वायव्येचा भाग हवा होता. याल्टात भर पडली फ्रान्सच्या वाट्याची, तीही ब्रिटिश-अमेरिकी हिश्श्यांतून. देश तोडण्याची भाषा तिथे झाली खरी, पण नंतर, 1945च्या उन्हाळ्यात पॉट्सडॅमच्या परिषदेत जर्मनी आर्थिकदृष्ट्या एकच धरायचं ठरलं. दोन राष्ट्रं झाली ती 1949मध्ये.