आधार बँकेला जोडलंय, मग पैसे का येत नाहीत? डीबीटीसाठी आधार सीडिंग कसं करायचं

लाडकी बहीण, पीएम-किसान, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, निराधार अनुदान. योजना कुठलीही असो, तक्रार एकच: अर्ज मंजूर, यादीत नाव, खात्यात मात्र काही नाही. तहसीलमध्ये सांगतात, "बँकेत जा." बँकेत सांगतात, "तुमचं आधार लिंक आहे, आमच्याकडून काही अडलेलं नाही." दोघंही खरंच बोलत असतात, त्यामुळे भांडायचं कोणाशी तेही कळत नाही.

मेख अशी आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली की तुमचा क्रमांक त्या बँकेच्या संगणकात केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, म्हणून चढतो. असा तो चार बँकांत चढलेला असू शकतो. डीबीटीचा, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं तो, पैसा मात्र या नोंदीवर येत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय, यांच्याकडे 'मॅपर' नावाची वेगळी यादी असते. तिच्यात तुमच्या आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. ते नाव तिथे चढवणं म्हणजेच सीडिंग. खाते क्रमांक तिथे नसतोच. सरकार आधार क्रमांकावर पैसे सोडतं, मॅपर बँक दाखवतो आणि त्या बँकेतलं कोणतं खातं ते बँक ठरवते. पैसे आधारवरून येत असतील तर योजनेच्या अर्जात तुम्ही काळजीपूर्वक भरलेला खाते क्रमांक कोणी बघतही नाही. हे अर्जावर मोठ्या अक्षरात का छापत नाहीत, देव जाणे.

म्हणून बँकेत जायच्या आधी स्थिती बघा. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव, स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसेल. स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' हवी. 'इनअ‍ॅक्टिव्ह' असेल किंवा बँकच दिसत नसेल, तर पासबुकावर कितीही शिक्के असले तरी पैसे येणार नाहीत. या पानाची प्रिंट काढून सोबत न्या. काउंटरवर "लिंक आहे" हे उत्तर आलं की ती पुढे करा.

निम्मे लोक इथेच अडतात, कारण ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नंबर बंद पडलेला असतो, नाहीतर मुंबईला कामाला गेलेल्या मुलाचा असतो. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान धोरणात प्रत्येक घरातला निदान एक माणूस ई-साक्षर करायचं उद्दिष्ट होतं. तो एक माणूस बाहेरगावी असला तर बाकीच्यांनी काय करायचं, हे काही त्यात नव्हतं. मोबाइल नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो. बोटांचे ठसे आणि शुल्क लागतं, कागदपत्र मात्र एकही लागत नाही. त्यासाठी दाखले मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पात्रता साधी आहे: स्वतःचं आधार आणि स्वतःच्या नावाचं चालू बचत खातं. पतसंस्थेतलं खातं चालत नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. दारात येऊन पिग्मी गोळा करणाऱ्या संस्थेवर गावाचा कितीही विश्वास असला तरी मॅपरवर तिचं नाव येऊ शकत नाही. सहकारी बँक असेल तर ती आधारवर आलेले पैसे स्वीकारते का, हे शाखेत स्पष्ट विचारून घ्या. नवऱ्याच्या खात्यावर बायकोचा हप्ता मागू नका. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी मुलाचंच आधार आणि मुलाचंच खातं लागतं.

कागदपत्रं: आधारची प्रत, पासबुकाची प्रत आणि आधार सीडिंगचा संमती फॉर्म. फॉर्म शाखेत मिळतो. सही किंवा अंगठा बँकेतल्या नोंदीसारखाच हवा.

या फॉर्मवर घाईत खूण करू नका. पहिल्यांदाच सीडिंग करताय, की दुसऱ्या बँकेतून इकडे हलवताय, हे तिथे वेगळं विचारलेलं असतं. हलवत असाल तर जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं, आणि ते मायआधारवर दिसतं तेच लिहा. डीबीटी नको, फक्त आधार जोडा, असाही एक पर्याय असतो. त्यावर खूण झाली तर बँक पुढे काही करत नाही आणि तुम्ही हप्त्याची वाट बघत बसता. फॉर्मची पोच शिक्का आणि तारखेसह घ्या. "पोच कशाला, होऊन जाईल" असं म्हणणाऱ्या बाबूकडून तर नक्की घ्या.

नावाचा घोळ बायकांच्या बाबतीत जास्त. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, योजनेच्या अर्जात तिसरंच काहीतरी. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे आधारचं नाव बरोबर असेल तर बँकेतलं दुरुस्त करून घ्या, उलट करू नका.

आता नकळत बँक बदलण्याबद्दल. नवं खातं उघडताना अंगठा दिला आणि डीबीटीला संमती गेली की मॅपरवर ती नवी बँक बसते, जुनी निघून जाते. कधी गावात पोस्ट पेमेंट्स बँकेचं शिबिर होतं, कधी मोबाइल दुकानात कोणी "फुकट खातं" उघडून देतं. २०१७ साली एअरटेल पेमेंट्स बँकेत असंच झालं होतं. ग्राहकांना पत्ताही नसताना त्यांचं गॅस अनुदान तिथल्या खात्यांत जमा होत राहिलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयने त्या कंपनीची आधार ई-केवायसी काही काळ थांबवली. तेव्हा "हप्ता बंद झाला" म्हणण्याआधी मायआधारवर दिसणाऱ्या बँकेत जाऊन शिल्लक बघा. बऱ्याचदा पैसे तिथे निवांत पडलेले असतात.

हप्त्याची तारीख जाहीर झाल्यावर बँक बदलायला धावू नका. पैसे निघताना मॅपरवर जी बँक असेल तिकडेच जातात. फॉर्म कधी दिला याला अर्थ नाही, मॅपर कधी बदलला याला आहे. बदल दिसायला काही दिवस लागतात.

सीडिंग ठीक असूनही पैसे परत जात असतील तर खातं तपासा. केवायसी थकल्याने ते गोठवलेलं असू शकतं. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं छोटं जनधन खातं असेल तर त्याला मर्यादा असतात: एका वेळी ५० हजारांपर्यंत शिल्लक, वर्षभरात एक लाखापर्यंत जमा. शिष्यवृत्तीची मोठी रक्कम तिथे अडकते. पूर्ण केवायसी करा, अडथळा जातो.

काही बँकांसाठी एनपीसीआयच्या संकेतस्थळावरून घरबसल्याही सीडिंग करता येतं. तुमची बँक तिथल्या यादीत असेल तर शाखेची रांग वाचली. नसेल तर शाखाच गाठा, आणि तिथे टाळाटाळ झाली तर शाखाधिकाऱ्याच्या नावे लेखी तक्रार द्या, पोच ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८. तिथे पहिला प्रश्न हाच येतो: बँकेला लेखी कधी कळवलं होतं?