क्लाउड गेमिंग : ठाणे–नवी मुंबई परिसर

व्हिडिओ गेम घरच्या यंत्रावर न चालवता दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकावर चालवायचा आणि त्याचे चित्र व आवाज तेवढे इंटरनेटवरून खेळणाऱ्याच्या पडद्यावर आणायचे, या पद्धतीला क्लाउड गेमिंग म्हणतात. खेळणाऱ्याने दाबलेल्या बटणाची सूचना उलट दिशेने डेटा सेंटरकडे जाते. घरी लागतो तो पडदा, कंट्रोलर आणि भरवशाची जोडणी. महागडे ग्राफिक्स कार्ड दुसरीकडे, दुसऱ्याच्या खर्चाने बसवलेले असते.

ठाणे–वाशी लोकलमध्ये कॉलेजची मुले फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळत असतात ते मात्र क्लाउड गेमिंग नव्हे. तिथे चित्र फोनच तयार करतो. नेटवरून जाते ती कोण कुठे आहे, कोणी गोळी झाडली एवढीच माहिती. त्यामुळे असा खेळ अगदी थोड्या डेटात भागतो. क्लाउड गेमिंगमध्ये प्रत्येक क्षणाचे अख्खे चित्र व्हिडिओ म्हणून येते. दहा एमबीपीएसच्या (सेकंदाला दहा मेगाबिट) प्रवाहाला तासाला साडेचार जीबी लागतात, ३५ एमबीपीएसच्या फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट चित्राच्या, प्रवाहाला पावणेसोळा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर अर्धा तासही धड निघत नाही. म्हणजे ही गोष्ट मुळात घरच्या फायबरची, किंवा अमर्याद फाइव्ह-जी मिळत असलेल्यांची.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑनलाइव्ह ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये बंद पडली. सोनीने २०१२ मध्ये गायकाई ही कंपनी घेतली आणि तिच्या तंत्रावर प्लेस्टेशन नाऊ उभारले. गुगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली; भारतात ती कधी आलीच नाही. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली, त्याच वर्षी सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स गेम पास या वर्गणीच्या सेवेच्या सदस्यांना ही सोय दिली. भारतात एक्सबॉक्सची क्लाउड सेवा यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला.

या पद्धतीची खरी कसोटी वेग नव्हे, विलंब आहे. जोडणी विकताना एमबीपीएसचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, पण गेम खेळणाऱ्याला आधी पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, विचारावा लागतो. चित्रपट स्ट्रीम होताना पुढची काही मिनिटे आधीच उतरवून ठेवता येतात, त्यामुळे मध्ये जोडणी अडखळली तरी पाहणाऱ्याला कळत नाही. गेमचे पुढचे चित्र तुम्ही कोणते बटण दाबता यावर ठरते. ते आधी तयारच नसते, मग साठवणार काय? सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. दाबलेल्या बटणाचा परिणाम दिसेपर्यंत मात्र सूचना जाणे, गेमने चित्र रचणे, ते व्हिडिओत दाबून बसवणे, परत पाठवणे, घरी उलगडणे आणि टीव्हीने दाखवणे, अशी साखळी असते. क्रिकेटच्या गेममध्ये ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो. त्यात शंभर मिलिसेकंद वाटेत गेले की बॅट फिरते ती यष्ट्या उडाल्यावर. मारामारीच्या आणि गोळीबाराच्या खेळांचेही तेच. बुद्धिबळासारख्या पाळीपाळीने खेळायच्या किंवा नगर वसवण्याच्या खेळांत मात्र हा विलंब जाणवतही नाही. सरासरी विलंबापेक्षा त्याचा चढउतार जास्त छळतो: कायम उशीर असेल तर हात त्याला सरावतो, दर दोन मिनिटांनी बदलणाऱ्या उशिराला सरावता येत नाही.

इथे ठाणे–नवी मुंबईची गंमत सुरू होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसीत, जिथे एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांची वस्ती होती, तिथे आता ऐरोली, रबाळे, महापे अशी डेटा सेंटरची रांग लागली आहे. पनवेलला योट्टा या कंपनीचे मोठे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झाले. जिओचा मुख्य कारभार घणसोलीतून चालतो. समुद्रतळाच्या आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, त्यामुळे हा सगळा भाग देशाच्या इंटरनेटचा जणू दरवाजाच. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. या हिशेबाने नौपाड्यातून खाडी ओलांडून ऐरोलीला जाऊन येणे मिलिसेकंदाच्या अंशात होते. सिंगापूरला सरळ रेषेतही जवळपास ३,९०० किलोमीटर अंतर आहे, म्हणजे निव्वळ जाण्यायेण्यातच सुमारे ४० मिलिसेकंद. केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच.

पण डेटा सेंटर शेजारी असले म्हणून गेमही तिथेच चालतो असे नाही. गेम कंपनीने आपली यंत्रे कोणत्या शहरात ठेवली आणि तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने तिथपर्यंतची वाट कशी जोडली, यावर सगळे अवलंबून. रबाळेच्या डेटा सेंटरच्या कुंपणाला लागून राहणाऱ्याचा संदेशही दुसऱ्या शहराला वळसा घालून येऊ शकतो. नकाशावरचे अंतर आणि नेटवरचे अंतर यांचा मेळ बसेलच असे नाही.

शेवटचे काही मीटर तर आणखी अवघड. घोडबंदर रोडच्या तीस-तीस मजली टॉवरमध्ये प्रत्येक फ्लॅटचा वायफाय शेजारच्याच्या वायफायशी भांडत असतो, विशेषतः २.४ गिगाहर्ट्‌झच्या जुन्या, गर्दीच्या लहरींवर. त्यात रात्री नऊला आजींची मालिका मोबाइलवर, बाबांची ऑफिसची मीटिंग आणि मुलाचा गेम एकाच राउटरवर. राउटरपासून टीव्हीपर्यंत साधी लॅनची वायर टाकली आणि टीव्हीवर गेम मोड (चित्र कमी उशिराने दाखवणारी सोय) लावला की बराच फरक पडतो; महागडा प्लॅन घेण्याआधी हा उपाय करून पाहावा. जुन्या वस्त्यांत गच्चीवरून गच्चीवर लोंबणारी केबल पावसाळ्यात किंवा रस्ता खोदताना तुटते, तेव्हा घरात कन्सोल, म्हणजे गेमचे स्वतःचे यंत्र, असलेला खेळत राहतो आणि क्लाउडवाला बसून राहतो.

तरीही ओढ समजण्यासारखी आहे. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, आणि नवा मोठा गेम घ्यायचा तर वर आणखी काही हजार. कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये हा पैसाही नाही आणि टीव्हीखाली जागाही नाही. महिन्याच्या वर्गणीत आईच्या जुन्या लॅपटॉपवर तोच गेम उघडणे, शंभर जीबीचे डाउनलोड आणि अपडेटची वाट न पाहणे, हा फायदा लहान नाही. नवीन गेम आवडतो का हे तासभर खेळून पाहायलाही ही सोय उत्तम.

मालकीचा प्रश्न मात्र फायबरने सुटत नाही. डिस्क असली तर ती मित्राला देता येते, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात विकून दुसरी घेता येते. क्लाउडवर हातात काहीच राहत नाही. जीफोर्स नाऊ खुली झाल्यावर काही दिवसांतच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीने आपले गेम तिथून काढून घेतले. ज्यांनी ते दुसरीकडून पैसे देऊन विकत घेतले होते त्यांनाही ते त्या सेवेवर चालवता येईनात. स्टेडिया बंद करताना गुगलने आपल्या दुकानातून घेतलेल्या गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत केले, हे चांगलेच झाले; पण ती मेहेरबानी होती, नियम नव्हे. केवळ स्टेडियासाठी बनलेल्या खेळांपैकी काही पुढे इतर यंत्रांवर आले, काही सेवेबरोबरच गेले. वर्गणीच्या सेवांत यादी दर महिन्याला बदलते आणि अर्धा खेळलेला गेम मध्येच नाहीसा होऊ शकतो. गेममध्ये स्वतः फेरफार करणाऱ्या हौशी मंडळींना तर इथे फारसा वावच नाही, कारण फाइल त्यांच्यापर्यंत येतच नाही.