हृदय बंद पडलेला रुग्ण एकमोवर असताना हेपरिन: आयसीयूसाठी माहितीपत्रक

कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की रिक्षावाला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे वळतो. या पत्रकातलं सीपीआर म्हणजे छाती दाबणं, आणि रुग्ण ते चालू असतानाच एकमोवर (रक्त शरीराबाहेर काढून, ऑक्सिजन मिसळून परत पाठवणाऱ्या यंत्रावर) घेतलेले. आमच्याकडून पंप आणि सर्किट घेणाऱ्या आयसीयूतल्या सिस्टर व ड्युटी डॉक्टरांसाठी हे लिहिलं आहे. आकडे प्रौढांसाठी नेहमीच्या वापरातले आहेत. डोस ठरवणार उपचार करणारे डॉक्टरच.

कॅन्युला (एकमोच्या जाड नळ्या) घालताना सहसा किलोमागे ५० ते १०० युनिट हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, एकदम देतात. या रुग्णात मात्र सिरिंज भरण्याआधी विचारा: कॅथलॅबमध्ये हेपरिन देऊन झालंय का? टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज ही गुठळी विरघळवणारी औषधं? अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर ही प्लेटलेट चिकटू न देणारी औषधं? दाबण्यानं मोडलेली फासळी किंवा फाटलेलं यकृत बाहेरून दिसत नाही. गडहिंग्लज-कागलहून आलेल्या रुग्णाची चिठ्ठी घाईत लिहिलेली असते, तेव्हा तिकडे फोन करून खात्री करा.

सगळ्यात महागात पडते ती व्हायलची चूक. ५ मिलिच्या दोन तऱ्हेच्या व्हायल मिळतात, एकीत दर मिलिला १,००० युनिट आणि दुसरीत ५,०००. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ५० म्हणजे ३,००० युनिट: पहिलीतून ३ मिलि, दुसरीतून ०.६ मिलि. दुसरीतूनच ३ मिलि ओढलं तर १५,००० युनिट गेले. म्हणून 'तीन एमएल द्या' असा तोंडी निरोप घेऊ नका, युनिटमध्येच बोला. सिरिंज पंपासाठी २५,००० युनिट सलाइन घालून एकूण ५० मिलि करा, म्हणजे दर मिलिला ५००. किलोमागे तासाला १० युनिट धरले तर याच रुग्णाला ताशी १.२ मिलि. पहिल्या डोसनंतर एसीटी (खाटेजवळ मोजलेला रक्त गोठण्याचा वेळ) ३०० सेकंदांखाली उतरल्यावर, आणि रक्तस्राव नसेल तरच, हा सिरिंज पंप सुरू करतात.

पुढे लक्ष्य असं: एसीटी १८० ते २२० सेकंद, एपीटीटी (लॅबमध्ये मोजलेला गोठण्याचा वेळ) मूळच्या दीड ते अडीच पट, अँटी-एक्सए (हेपरिनचा परिणाम मोजणारी तपासणी) दर मिलिला ०.३ ते ०.७ युनिट. एकट्या एसीटीवर आमचा भरवसा नाही. अंग थंड असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा सर्किटमधल्या सलाइननं रक्त पातळ झालं असेल, तर हेपरिन नसतानाही तो लांबतो. उलट बिलिरुबिन वाढलं किंवा तांबड्या पेशी फुटल्या की अँटी-एक्सए खोटा कमी येतो. नमुना हेपरिनच्या लाइनमधून कधीच घेऊ नका. निळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा. अर्धवट भरली तर तिच्यातलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्ताच्या मानानं जास्त होतं आणि एपीटीटी उगाच लांबलेला दिसतो.

आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे टॉर्च. दर शिफ्टला ऑक्सिजनेटरचे (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाचे) कोपरे, जोड आणि पंप हेड बघा. काळे डाग कुठे आहेत ते कागदावर काढून ठेवा. ऑक्सिजनेटरनंतरच्या, रुग्णाकडच्या बाजूची गुठळी जास्त घातक, ती थेट रुग्णाकडे जाते. फ्लो तोच असून आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरमधला फरक वाढत चालला, तर ऑक्सिजनेटर बुजतोय. पंप हेडमधून आवाज आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट, तर गुठळी तिथेच. ठोकून गुठळी सोडवू नका. पायाकडे जाणारी बारीक कॅन्युला लवकर बंद पडते, तेव्हा पाऊल हातानं चाचपा. आर्टेरियल लाइनची लाट सपाट असेल तर महाधमनीची झडप उघडत नसण्याची शक्यता असते, आणि थांबलेलं रक्त हृदयातच गोठू शकतं. लगेच इको करून घ्या.

रक्तस्राव झाला की डॉक्टरांना कळवून हेपरिन बंद. त्याचा अंमल एक-दीड तासात निम्म्यावर येतो. फ्लो मात्र पडू देऊ नका. मिनिटाला २ लिटरच्या खाली गुठळीचा धोका वाढतो, आणि चांगल्या फ्लोवर सर्किट हेपरिनशिवायही बराच काळ चालतं. प्रोटामिनची (हेपरिनच्या उताऱ्याची) घाई करू नका, सर्किटच गोठू शकतं.

पाचव्या ते दहाव्या दिवशी प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर हेपरिनचीच उलटी प्रतिक्रिया असू शकते. मग फ्लशमधलंसुद्धा हेपरिन काढा आणि सर्किटला हेपरिनचा लेप आहे का, आम्हाला विचारा. पर्याय बिव्हॅलिरुडिन किंवा अर्गाट्रोबान. बिव्हॅलिरुडिन रक्तातच विघटित होतं, त्यामुळे बंद ठेवलेल्या नळीत रक्त साचलं की तिथे गोठतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. पुण्याहून सामान येईल या भरवशावर पावसाळ्यात राहू नका; जादा ऑक्सिजनेटर आणि बिव्हॅलिरुडिन जूनमध्येच गावात आणून ठेवा.