समुद्रातला पहारा: चिठ्ठी टाकायची, पण हिशेबानं

सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ तांबड्या समुद्राच्या तळाशी असलेल्या केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावलं. बातमी वाचून बऱ्याच जणांना प्रश्न पडला की इंटरनेट तर उपग्रहावरून येतं, मग केबलचा काय संबंध? हा गैरसमज फार जुना आहे. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून जास्त माहिती समुद्रतळावरच्या काचतंतूंच्या केबलमधूनच जाते. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून युरोपातल्या ग्राहकाला पाठवलेलं कोटेशन मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याखाली शिरतं. सोलापूरपासून मुंबईचा समुद्र रस्त्यानं चारशे किलोमीटर लांब असला, तरी आपला रोजचा व्यवहार त्याच्या तळावरून चालतो.

केबलसारखीच तेलाची आणि वायूची गोष्ट. १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हाय हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे. तिथे पाण्यात उभे पोलादी प्लॅटफॉर्म, तळापासून वर तेल-वायू आणणारे उभे पाइप म्हणजे रायझर आणि उरणपर्यंत आलेल्या पाइपलाइन असा पसारा आहे. तो सांभाळायचा कसा, या प्रश्नावर आज जगभरात पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जात आहेत. त्यातलं गणित इतकं देखणं आहे की ते प्रबंधातच पडून राहू नये.

आधी धोका कुठला ते ठरवावं लागतं, कारण धोके दोन जातींचे आहेत. पहिला अपघाताचा. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या रायझरला एक मदतनीस जहाज धडकलं, वायू गळला, आग लागली आणि २२ जीव गेले. यात शत्रू कोणी नव्हता. केबलच्या बिघाडांतही मोठा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आणि फरफटलेल्या नांगरांचाच असतो. दुसरा धोका मुद्दाम केलेल्या घातपाताचा. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्या स्फोटांनी फोडल्या गेल्या. दोन्हींत नुकसान सारखंच दिसतं, पण गणित पूर्ण वेगळं होतं. अपघात आपल्याकडे बघत नसतो. तिथे प्रत्येक जागेची शक्यता गुणिले नुकसान काढायचं आणि जिथे गुणाकार मोठा तिथे गस्तीची बोट ठेवायची. घातपाती मात्र आपल्या बोटीचं वेळापत्रक बघून ठरवतो. हे दोन प्रश्न एकाच सूत्रात कोंबले की पुढचं सगळं चुकतं.

आता वेळेचा हिशेब. सागरी कायद्याप्रमाणे अशा बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंतचा सुरक्षा पट्टा ठेवता येतो. २० नॉट वेगानं, म्हणजे सेकंदाला साधारण १०.३ मीटर, येणारी बोट हा पट्टा ४९ सेकंदांत ओलांडते. तेवढ्यात वायरलेसवरून तिची विचारपूसही पुरी होत नाही. तीच बोट १० किलोमीटरवर दिसली तर १६ मिनिटं हातात राहतात. रडारचा अँटेना ३० मीटर उंचीवर असेल तर पाण्यावर एक मीटर उंच असलेली वस्तू कागदावर जवळपास २७ किलोमीटरवरून दिसायला हवी. प्रत्यक्षात लाकडी किंवा फायबरची होडी लाटांच्या परावर्तनात हरवते. मोठी जहाजं आपला ठावठिकाणा एआयएस यंत्रणेतून सतत कळवतात, पण लहान होड्यांवर ती नसते आणि वाईट हेतूनं आलेला ती बंद ठेवतो. म्हणून गस्तीच्या बोटी लागतातच. त्या मोजक्या असतात आणि डिझेल पितात. अवजड बोटीचा वेग १५ वरून २० नॉट केला तर तेवढ्याच अंतराला इंधन जवळपास पावणेदोन पट लागतं.

बोटी थोड्या, जागा पुष्कळ. वीस जागांना एकेकदा भेट देण्याचे क्रम २४ वर १७ शून्यं इतके होतात. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारा संगणक साडेसात हजार वर्षं घेईल. म्हणूनच अल्गोरिदम, म्हणजे सगळं न तपासता पायरीपायरीनं उत्तर शोधण्याच्या रीती, लागतात. पण सगळ्यात छोटा मार्ग सापडला की काम झालं, ही समजूत इथे घातक ठरते.

सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या खिसेकापूला विचारा. होम मैदानावर कोणता हवालदार किती वाजता कुठे उभा असतो हे त्याला पाठ असतं, म्हणून तो बरोबर दुसऱ्या टोकाला हात मारतो. गस्तीचा सर्वोत्तम मार्ग रोज तसाच चालवला की तो शत्रूसाठी वेळापत्रक होतो. हाइनरिश फॉन श्टाकेलबर्ग या अर्थशास्त्रज्ञानं १९३४ मध्ये बाजारपेठेसाठी मांडलेलं प्रारूप इथे उपयोगी पडतं: एक पक्ष आधी चाल जाहीर करतो, दुसरा ती पाहून आपली चाल ठरवतो. पहारेकरी हा पहिला पक्ष. त्याची चाल म्हणजे एखादा ठरावीक मार्ग नव्हे, तर कुठे किती टक्के वेळा जायचं याचं प्रमाण.

हे कागदावर करून बघू. तीन जागा घ्या. अ म्हणजे रायझरचा प्लॅटफॉर्म, नुकसान ९ एकक. ब म्हणजे पाइपलाइनचा सांधा, नुकसान ६. क म्हणजे रिकामा पडलेला जुना प्लॅटफॉर्म, नुकसान ३. बोट एकच. बोट हजर असेल तर नुकसान शून्य, असं तूर्त धरू. शत्रू आपलं प्रमाण ओळखतो आणि जिथे सरासरी नुकसान जास्त तिथेच जातो.

बोट कायम अ पाशी ठेवली तर तो ब वर जाईल, नुकसान ६. तिन्हीकडे सारखी वाटली तर अ वर दोन तृतीयांश वेळा बोट नसेल, नुकसान पुन्हा ६. मग शहाणा माणूस म्हणतो, किमतीच्या प्रमाणात वाटा: निम्मा वेळ अ ला, तिसरा हिस्सा ब ला, सहावा हिस्सा क ला. ऐकायला रास्त वाटतं, पण हिशेब केला तर अ वरचं नुकसान ४.५ निघतं. खरं उत्तर अ ला ६० टक्के, ब ला ४० टक्के आणि क ला काहीही नाही. अ वर ९ गुणिले ०.४ म्हणजे ३.६, ब वर ६ गुणिले ०.६ म्हणजेही ३.६. क पूर्ण उघडा असूनही तिथे फक्त ३ मिळतात, म्हणून शत्रूला तिकडे जाण्यात काही फायदा नाही. नुकसान ६ वरून ३.६ वर आलं, तेही एक रुपयाचं जादा डिझेल न जाळता. शत्रूला कुठेही गेलं तरी सारखंच वाटलं पाहिजे, हे या पद्धतीचं मर्म. दुसरी बोट मिळाली तर प्रमाणं अनुक्रमे ८२, ७३ आणि ४५ टक्के होतात आणि नुकसान १.६४ वर येतं. आता क लाही पहारा मिळतो, कारण बाकी दोन जागा पुरेशा राखल्या गेल्या आहेत.

खऱ्या समुद्रात बोट एका फेरीत अनेक जागा पाहते आणि शक्य फेऱ्या अब्जावधी असतात. त्या सगळ्या समीकरणात लिहिता येत नाहीत. इथे कॉलम जनरेशन ही युक्ती येते, आणि या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच. सुरुवात एकाच फेरीनं करायची: फक्त अ. लिनियर प्रोग्रामिंगचं (साध्या बेरीज-गुणाकाराच्या अटींत बसणारं सर्वोत्तम उत्तर शोधण्याचं) गणित सोडवलं की नुकसानीबरोबर प्रत्येक जागेची एक छाया-किंमत मिळते, म्हणजे त्या जागेचा पहारा थोडा वाढवला तर नुकसान किती वेगानं घटेल. आत्ता अ ची छाया-किंमत ० आणि ब ची ६ आहे, कारण शत्रू ब वर बसलाय. मग दुसरं, वेगळं गणित विचारतं की जास्तीत जास्त छाया-किंमत गोळा करणारी, इंधनात आणि वेळेत बसणारी फेरी कोणती? उत्तर येतं ब. ती फेरी यादीत टाकून पहिलं गणित पुन्हा सोडवायचं. आता ६०-४० मिळतं आणि छाया-किमती होतात ३.६, ३.६ आणि ०. यादीतल्या दोन्ही फेऱ्यांची बेरीज ३.६ भरते, म्हणून ज्या नव्या फेरीची बेरीज त्याच्या वर जाते तीच कामाची. अ आणि ब दोन्ही एका दमात गाठणारी फेरी शक्य असेल तर तिची बेरीज ७.२, तिला लगेच घ्यायचं. अ आणि क ची बेरीज ३.६ च भरते, ती घेऊन काही सुधारणार नाही. अशी एकही फेरी उरली नाही की थांबायचं, आणि हे उत्तर सर्वोत्तम असल्याचा पुरावाही सोबतच मिळतो. अब्जावधी फेऱ्यांपैकी काहीशेच यादीत येतात.

संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचारावर २००७ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळासाठी आणि २०११ मध्ये बोस्टन बंदरातल्या अमेरिकन तटरक्षक दलाच्या गस्तीसाठी प्रणाली उभ्या केल्या.

चुकतं कुठे? पहिली चूक बोट हजर म्हणजे नुकसान शून्य, हे गृहीतक. बोट दहापैकी सातच वेळा शत्रूला अडवू शकत असेल तर प्रमाण ६९-३१ होतं आणि नुकसान ४.६८. म्हणजे बोट जितकी दुबळी, तितकं तिला मोठ्या किमतीच्या जागेकडे सरकावं लागतं. ९, ६, ३ हे आकडे कोण ठरवणार, हीही शंका येते. ब चं नुकसान ६ ऐवजी ७ धरा: प्रमाण ५६-४४ होतं. अंदाज थोडा हुकला तरी उत्तर कोलमडत नाही, आणि हे प्रबंधात आकडे हलवून दाखवलंच पाहिजे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, लहान बोटींचा वेग निम्म्यावर. त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे परकी होडी चटकन नजरेत येते. हिवाळ्यातलं प्रमाण जुलैत वापरलं तर ते चुकीचंच.

शेवटची चूक माणसाची. ६०-४० चं प्रमाण कप्तानाच्या मर्जीवर सोडलं की तो दोनदा अ ला जाऊन आल्यावर तिसऱ्यांदा हमखास ब निवडतो. खऱ्या चिठ्ठीत सलग तीनदा अ येण्याची शक्यता जवळपास २२ टक्के असते. म्हणून ०० ते ९९ मधला यादृच्छिक आकडा संगणकानं काढायचा, ५९ पर्यंत अ, पुढे ब, आणि तो निघण्याच्या वेळीच बोटीवर कळवायचा.

अल्गोरिदमच्या बाजारात सध्या प्राण्यांची जत्रा भरली आहे, म्हणजे प्राण्यांच्या वागण्यावर बेतलेल्या आणि त्यांचीच नावं दिलेल्या रीतींची; त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कोकिळा २००९, वटवाघूळ २०१०, करडा लांडगा २०१४, देवमासा २०१६. दरवर्षी नवा प्राणी, नवा शोधनिबंध, आणि आमचाच प्राणी सर्वांत हुशार हा दावा. संशोधक केनेथ सोरेनसेन यांनी २०१५ मध्ये या प्रकारावर कडक टीका केली. उपमेचं कातडं काढलं की आत बऱ्याचदा जुनीच सूत्रं निघतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे यातले काही अल्गोरिदम नकळत शोधाच्या क्षेत्राच्या मध्याकडे ओढले जातात, आणि चाचणीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या फलनांचं (फंक्शनचं) उत्तर नेमकं शून्यावर, म्हणजे मध्यावरच असतं. फलन थोडं बाजूला सरकवा, हुशारी उतरते. वूल्पर्ट आणि मॅक्रेडी या संशोधकांनी १९९७ मध्येच सिद्ध केलं होतं की सगळ्या शक्य प्रश्नांची सरासरी घेतली तर कुठलाच अल्गोरिदम दुसऱ्यापेक्षा वरचढ नसतो. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेतून पीएच.डी. करू पाहणाऱ्यांनी आधी प्रश्नाचं प्रारूप नीट मांडावं, छोट्या उदाहरणावर नेमकं उत्तर काढावं आणि मगच मोठ्या उदाहरणासाठी प्राणी पाळावा. तेव्हाही वेगवेगळ्या सुरुवातींनी किमान तीस वेळा चालवून, नेमक्या उत्तरापासूनचं अंतर टक्क्यांत द्यावं.

समुद्राची विदा (डेटा) गोपनीय असते, ती विद्यार्थ्याला मिळणं अवघड. पण हेच प्रारूप २०१४ मध्ये युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात शिकारीविरुद्धच्या गस्तीसाठी वापरून पाहिलं गेलं. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, माळरान मोठं आहे आणि वनरक्षक मोजके. बोटीऐवजी मोटारसायकल, नॉटऐवजी किलोमीटर, पाइपलाइनच्या सांध्याऐवजी पाणवठा. पाणवठ्यांची आणि वाटांची यादी, एका फेरीला लागणारा वेळ आणि पेट्रोल, आणि सापडलेल्या फासांच्या नोंदी एवढं जमवलं तर पल्प (PuLP) आणि हाय्स (HiGHS) ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर या आकाराचं गणित काही मिनिटांत सोडवतात.