मुख्याध्यापकाची नेतृत्वशैली आणि शैक्षणिक गुणवत्ता व्यवस्थापन

नेमके उद्दिष्ट ठरवायचे, त्यानुसार शिकवायचे, मुले काय शिकली ते तपासायचे आणि त्यावरून शिकवण्याची पद्धत बदलायची, हे चक्र सतत चालू ठेवणे म्हणजे शैक्षणिक गुणवत्ता व्यवस्थापन. वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड डेमिंग या अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञांच्या उद्योगक्षेत्रातील कामातून ते शिक्षणात आले. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे शैक्षणिक संस्थांसाठीचे आयएसओ २१००१ हे मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये एकतंत्री (नेता एकटाच ठरवतो), लोकशाही म्हणजेच सहभागी (सर्वांशी चर्चा करून ठरते) व निर्हस्तक्षेपी (नेता लक्षच घालत नाही) अशा तीन नेतृत्वशैली मांडल्या. जेम्स बर्न्स यांनी १९७८ मध्ये व्यवहारनिष्ठ (कामाच्या बदल्यात मोबदला) आणि परिवर्तनकारी (ध्येयाची प्रेरणा देऊन माणसे घडवणे) हा भेद केला. शाळेपुरती याहून मोलाची ठरते ती अध्यापनकेंद्री शैली, म्हणजे मुख्याध्यापकाने वर्गातील शिकवण्या-शिकण्यावरच लक्ष देणे. विव्हियन रॉबिन्सन व सहकाऱ्यांच्या २००८ मधील विश्लेषणात विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवरील तिचा परिणाम परिवर्तनकारी शैलीच्या तीन ते चार पट आढळला. त्यातही सर्वाधिक परिणाम दिसला तो मुख्याध्यापक शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसतो तेव्हा.

प्रत्यक्षात उद्दिष्ट लहान हवे. ‘गणित सुधारणे’ तपासता येत नाही. ‘भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज’ तपासता येते. आधी छोटी चाचणी, मग सहा ते आठ आठवडे ठरलेल्या पद्धतीने अध्यापन, अधूनमधून १५-२० मिनिटांचे पाठनिरीक्षण आणि शेवटी त्याच काठिण्याची चाचणी. निरीक्षणानंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी बोलावे, तेही एकाच मुद्द्यावर. दहा शेरे मिळालेला शिक्षक बहुधा एकही अमलात आणत नाही.

चक्र बहुतेकदा तुटते ते तपासणीच्या टप्प्यावर. एकतंत्री मुख्याध्यापकाच्या धाकाने गुण फुगतात, कच्ची मुले नोंदींतून गायब होतात. कागदोपत्री सगळे चोख, वर्ग होता तिथेच. डेमिंग यांच्या व्यवस्थापनाच्या १४ सूत्रांपैकी आठवे सूत्र भीती घालवा असे सांगते, ते याचसाठी. निर्हस्तक्षेपी शैलीत माहिती खरी असते, पण निर्णय कोणी घेत नाही. सहभागी शैलीत निर्णय होतो, मात्र काम कोणाचे आणि कधीपर्यंत हे इतिवृत्तात नसेल तर पुढच्या बैठकीत तीच चर्चा पुन्हा होते. सुरक्षितता आणि परीक्षेची गोपनीयता यांत मात्र थेट आदेशच योग्य.

आकड्यांचा अर्थ लावतानाही सबुरी लागते. ३० मुलांच्या वर्गात दोन मुले जास्त उत्तीर्ण झाली की निकाल जवळपास ७ टक्क्यांनी चढतो. एवढ्यावरून शिक्षकाला शाबासकी किंवा नोटीस देणारा मुख्याध्यापक योगायोगालाच कामगिरी समजतो. निदान तीन-चार चाचण्यांचा कल पाहावा.