सरकारच पालक, तर किती वयापर्यंत? फॉस्टर केअरनंतरच्या मेडिकेडची पार्श्वभूमी

घरात सुरक्षित नसलेलं मूल अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशानं सरकारच्या ताब्यात येतं आणि दुसऱ्या कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा संस्थेत वाढतं. ही फॉस्टर केअर. यातली बहुतेक मुलं कधी ना कधी आईवडिलांकडे परततात किंवा दत्तक जातात. पण गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहिला तर दरवर्षी साधारण १५ ते २० हजार जण कुणाचेच न होता, केवळ वय भरलं म्हणून बाहेर पडतात. तोवर त्यांच्या डॉक्टरचा आणि औषधांचा खर्च मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, भागवत असतं. प्रश्न येतो तो त्यानंतर.

मेडिकेड १९६५ साली सुरू झालं ते गरिबांसाठी, पण सगळ्याच गरिबांसाठी नव्हे. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, मुलं सांभाळणारे पालक, वृद्ध, अपंग अशा ठरलेल्या गटांत बसणाऱ्यालाच ते मिळे. १९८० च्या कायद्यानं फॉस्टर केअरचा खर्च केंद्राकडून घेण्याची वेगळी सोय झाली आणि त्या सोयीतल्या मुलांना मेडिकेड आपोआप लागू झालं. मूल म्हणून त्यांना दार उघडं होतं. मोठं झाल्यावर मात्र धडधाकट, मूलबाळ नसलेला तरुण यातल्या कुठल्याच गटात बसत नसे. मग तो कितीही कफल्लक असो, बहुतेक राज्यांत त्याला मेडिकेड नाही.

याची किंमत किती होती, ते ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत फॉस्टर केअरमध्ये वाढलेल्या प्रौढांच्या २००५ सालच्या पाहणीत दिसलं. त्यांच्यापैकी एकतृतीयांश लोकांकडे आरोग्यविमाच नव्हता आणि सुमारे चौथा हिस्सा आघातानंतरच्या मानसिक विकारानं ग्रासलेला होता. बालपणी मारहाण, उपेक्षा आणि घरामागून घरं बदलणं सोसलेल्या या मुलांना उपचारांची गरज इतरांहून जास्त, आणि नेमका त्यांचाच विमा सुटत होता.

पहिली डागडुजी १९९९ साली झाली. ऱ्होड आयलंडचे सिनेटर जॉन चेफी यांनी या तरुणांचा विषय लावून धरला होता. त्या ऑक्टोबरमध्ये ते वारले आणि डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या कायद्यातल्या कार्यक्रमाला त्यांचं नाव मिळालं. त्यात राज्यांना मुभा दिली होती : हवं तर २१ वर्षांपर्यंत मेडिकेड द्या. सक्ती नव्हती. काही राज्यांनी दिलं, काहींनी नाही. २००८ च्या कायद्यानं बाहेर पडण्याआधीच्या ९० दिवसांत प्रत्येकाचा आराखडा करायला लावला आणि त्यात आरोग्यविम्याचा विचार बंधनकारक केला. पण विमाच उपलब्ध नसेल, तर आराखड्यात लिहिणार काय?

खरं वळण मार्च २०१० चं. आरोग्यसुधारणा कायद्यानं तरुणांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू दिलं. मग ज्यांचं पालकत्व सरकारनं घेतलं होतं, त्यांचं काय? कायद्यानं सरळ उत्तर दिलं : त्यांनाही २६ पर्यंत मेडिकेड, आणि उत्पन्नाची अट नाही. १ जानेवारी २०१४ पासून ते सर्व राज्यांना बंधनकारक झालं. याच कायद्यानं सगळ्याच गरीब प्रौढांना मेडिकेड द्यायचं ठरवलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा सरसकट विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, तरी ही तरतूद टिकली. म्हणून विस्तार नाकारलेल्या टेक्सासमध्येही ती लागू आहे. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत न्याय्य वाटते ती हीच तरतूद. सरकारनं इथे दया दाखवली नाही, पालकाचं कर्तव्य मानलं.

पण त्यात एक भोक राहिलं. वयाच्या अठराव्या वर्षी फॉस्टर केअरमध्ये आणि मेडिकेडवर असणं ही अट होती, आणि मजकुराचा अर्थ असा लागला की ज्या राज्यात तुम्ही वाढलात, तेवढ्याच राज्यावर जबाबदारी. दुसऱ्या राज्यात वाढलेल्यांनाही सामावून घेण्याची मुभा राज्यांना द्यावी, असं केंद्रानं २०१३ च्या मसुद्यात सुचवलं होतं. २०१६ च्या अंतिम नियमात मात्र त्यासाठी राज्याला केंद्राची वेगळी खास परवानगी लागेल असं ठरलं. कॉलेजसाठी, नोकरीसाठी किंवा सापडलेल्या बहिणीजवळ राहायला म्हणून राज्याची हद्द ओलांडली की विमा जाण्याची भीती. आईवडिलांच्या विम्यावरचं मूल दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून त्याचा हक्क संपत नाही.

हे भोक बुजवलं २०१८ च्या, मुख्यतः अफूजन्य औषधांच्या व्यसनावरच्या कायद्यानं. तेही सर्वांसाठी नव्हे. १ जानेवारी २०२३ रोजी किंवा त्यानंतर अठरा पूर्ण करणाऱ्यांनाच प्रत्येक राज्यात हक्क मिळाला. म्हणजे १ जानेवारी २००५ ला जन्मलेली मुलगी देशभर सुरक्षित, आणि आदल्या दिवशी जन्मलेली तिची मैत्रीण नव्या राज्यानं खास परवानगी घेतली आहे का, यावर अवलंबून. ही जुनी पिढी सव्विशी ओलांडेपर्यंत २०३० साल संपेल.

सतराव्या वर्षी नातेवाइकाच्या कायदेशीर पालकत्वात गेलेला मुलगा या हक्काच्या बाहेरच राहतो. घर मिळण्याची ही शिक्षा मला पटत नाही.

२०२५ च्या कायद्यानं मेडिकेडवरच्या अनेक प्रौढांना कामाचे तास दाखवण्याची अट घातली, त्यातून २६ पर्यंतचे हे तरुण वगळले आहेत. ती सूट मिळायला आपण फॉस्टर केअरमध्ये होतो, हे राज्याला कळायला हवं. काही राज्यं अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवतात, काही कागद मागतात. बाहेर पडताना जन्मदाखला, विम्याची माहिती आणि वैद्यकीय नोंदी हातात द्याव्यात, असा नियम २०१४ च्या कायद्यानं केला. पण सतत पत्ता बदलणाऱ्या मुलाकडे ती फाइल टिकेलच असं नाही, आणि मूळ नोंद असते ती त्यानं मागे सोडलेल्या राज्यात.